वेगळं व्हायचं ठरलं, पण वाटणीपत्र कुठे होतं?

ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला त्याला दशक होत आलं, तरी त्यावरचा वाद जिथे सुरू झाला तिथेच अडून बसला आहे. परवा पुण्यातल्या एका परिसंवादात तो पुन्हा ऐकला. एक वक्ते म्हणाले, अडाणी, म्हाताऱ्या, परक्यांचा राग असलेल्या लोकांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेल्या थापेला भुलून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुसरे म्हणाले, जनतेने कौल दिला, विषय संपला. हरलेल्यांना लोकशाही पचत नाही, एवढंच. मग श्रोत्यांतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं, आता भोगा म्हणावं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत भारतीय वंशाच्या १८ लाखांहून जास्त लोकांची नोंद आहे. तिथे जे भोगावं लागेल ते यांनाही भोगावं लागेल, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या ध्यानात आलं नसावं. मी दोन तास ऐकत होतो आणि मला पडलेला प्रश्न कुणीच विचारला नाही. वेगळं व्हायचं ठरलं हे खरं, पण वाटणीपत्र कुठे होतं?

मी वकील आहे. तीस वर्षं तालुक्याच्या गावी मुख्यतः जमिनीचे दस्त लिहीत आलो, त्यामुळे मला हा प्रश्न आधी दिसतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा ब्रिटिश मतदारांना पुरेपूर हक्क होता. तो बजावला म्हणून त्यांना मूर्ख ठरवणं चूक आहे, आणि त्यांच्या कौलात जे नव्हतं तेही त्यांच्या नावावर खपवणं तितकंच चूक आहे. खोट होती ती विचारणाऱ्यांच्या प्रश्नात. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या: राहायचं किंवा जायचं. राहायचं म्हणजे काय, ते ४३ वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. जायचं म्हणजे काय, ते सरकारने कुठेही लिहून दिलेलं नव्हतं. लोकांकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला आणि मग ज्याने त्याने त्यावर आपल्या सोयीचा मजकूर भरायला घेतला.

माझ्या टेबलासमोर भाऊ येऊन बसतात तेव्हा काय होतं ते सांगतो. थोरला गप्प असतो, धाकटा म्हणतो, वकीलसाहेब, आता पटत नाही, आम्हाला वेगळं करून द्या. मी वेगळं का व्हायचं हे सहसा विचारत नाही. तो त्यांचा प्रश्न. मी विचारतो, विहीर कुणाच्या वाट्याला? मोटारीचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? पाण्याच्या पाळ्या कशा ठरवायच्या? धाकट्याच्या पट्टीत जायची वाट थोरल्याच्या बांधावरून आहे, ती वहिवाट दस्तात लिहायची ना? सोसायटीचं कर्ज कोण फेडणार? आई कुणाकडे? यातल्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला धाकटा थोरल्याकडे बघतो. कधी ते उठून जातात आणि दोन महिन्यांनी येतात. कधी येतच नाहीत. पुष्कळदा वेगळे होतातच, आणि तेच त्यांच्यासाठी बरं असतं. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, कॅमेऱ्याकडे तोंड करून, यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवण्याआधी मजकूर त्यांच्या हातात असतो आणि तो मान्य आहे का असं त्यांना विचारलं जातं. ‘तुम्हाला वेगळं व्हायचंय ना?’ एवढंच विचारून अंगठा घेतला आणि बाकीचे रकाने मी माझ्या केबिनमध्ये बसून भरले, तर त्याला वाटणी कोण म्हणेल?

ब्रिटनमध्ये हे अगदी असंच झालं. बाहेर राहून युरोपाशी संबंध ठेवण्याचे निदान चार नमुने तेव्हा डोळ्यांसमोर होते. नॉर्वे संघात नाही, पण एकल बाजारपेठेत, म्हणजे एकाच नियमांवर चालणाऱ्या युरोपच्या सामायिक बाजारात आहे. त्यासाठी तो पैसे भरतो, युरोपचे बरेच नियम पाळतो आणि युरोपीय नागरिकांना येऊ-जाऊ देतो. तुर्कस्तानची सीमाशुल्काची जोडणी आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर दोघांची जकात एकच. स्वित्झर्लंडने एकेक करत शंभराहून अधिक करार जोडले आहेत. कॅनडाने फक्त व्यापाराचा करार केला. यातला प्रत्येक नमुना वेगळं घर, वेगळी विहीर. प्रचारात ‘जायचं’ म्हणणारे कधी नॉर्वेकडे बोट दाखवत, कधी कॅनडाकडे, आणि बोट दाखवून झालं की आपला करार या सगळ्यांहून चांगला होईल असं सांगत. तिकडे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांच्या सरकारने प्रशासनाला ‘जायचं’ जिंकलं तर काय करायचं याची तयारीच करू दिली नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने निकालानंतर महिन्याभरात त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. दोष दोन्ही बाजूंचा आहे. एकाने मजकूर लिहिला नाही कारण मोघम ठेवण्यात मतं होती, दुसऱ्याने लिहू दिला नाही कारण आपण हरूच शकत नाही असं त्याला वाटत होतं.

आणि हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका हुजूरपक्षीय खासदाराने बजावलं होतं की लोकांना कोऱ्या कागदावर मत द्यायला सांगू नये आणि तपशील आम्ही मागाहून भरू, विश्वास ठेवा, असंही म्हणू नये. ते खासदार म्हणजे डेव्हिड डेव्हिस. २०१६ साली ब्रेक्झिट खात्याचे पहिले मंत्री तेच झाले आणि तो कोरा कागद त्यांच्याच टेबलावर आला.

त्या कागदावर काय लिहायचं हे ठरवायला संसदेला साडेतीन वर्षं लागली. कॅमेरन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी २३० मतांनी फेटाळला गेला, मग मार्चमध्ये आणखी दोनदा. २७ मार्चच्या संध्याकाळी खासदारांना एक छापील कागद देण्यात आला. त्यावर आठ पर्याय होते आणि प्रत्येकासमोर हो किंवा नाही अशी खूण करायची होती. करार न करता बाहेर पडायचं? १६० विरुद्ध ४००, नाही. सीमाशुल्क संघात राहायचं? आठ मतांनी नाही. करार पुन्हा लोकांसमोर न्यायचा? २७ मतांनी नाही. बाहेर पडणंच रद्द करायचं? तेही नाही. आठच्या आठ पर्याय पडले. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा मांडले, तेही पडले. सीमाशुल्क संघाचा पर्याय फक्त तीन मतांनी. तेव्हा जगभर हसू झालं. आपल्याकडच्या वाहिन्यांनीही त्यांच्या गोंधळाची दृश्यं चवीने दाखवली. मला त्या खासदारांची कीव आली. ‘जायचं’ या एका शब्दाच्या पोटात जी पाच-सहा परस्परविरोधी उत्तरं दडलेली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा एका कागदावर सुटी सुटी लिहिली गेली, आणि त्यातल्या एकामागेही बहुमत नाही हे दिसलं. हा कागद लोकांच्या हातात २०१६ च्या आधी का पडला नाही?

यावर एक भक्कम उत्तर दिलं जातं. युरोपीय संघाच्या कराराच्या ५० व्या कलमानुसार आधी बाहेर पडण्याची नोटीस द्यावी लागते आणि मगच बोलणी सुरू होतात. समोरचा बोलायलाच तयार नसताना करार लिहिणार कसा? हे उत्तर मी हलकं मानत नाही. समोरचा काय देईल हे आधी सांगता येत नव्हतं. पण आपल्याला काय हवं हे तर लिहिता येत होतं! २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमताआधी लंडनही बोलणी करायला तयार नव्हतं, तरी तिथल्या सरकारने आदल्या वर्षी साडेसहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली: चलन कोणतं, निवृत्तिवेतन कोण देणार, अणुपाणबुड्या कुठे जाणार. त्यातली चलनाची कल्पना अनेकांना पटली नाही आणि मुख्यतः त्यावरूनच खडाजंगी झाली. होऊ दे की! पटलं नाही म्हणायलासुद्धा आधी समोर मजकूर लागतो. न्यूझीलंडने तर याहून शहाणपणा केला. निवडणुकीची पद्धत बदलायची का, असं १९९२ मध्ये विचारलं आणि त्याच मतपत्रिकेवर बदलायची तर चारपैकी कोणती, असंही विचारलं. सुमारे ८५ टक्के लोक बदलाच्या बाजूचे निघाले. पण तेवढ्यावर बदल झाला नाही. सगळ्यात जास्त मतं मिळालेली पद्धत १९९३ मध्ये जुन्या पद्धतीसमोर उभी केली आणि पुन्हा मत घेतलं. तेव्हा ती ५४ टक्क्यांच्या आसपास मतांनी जिंकली. बदल हवा म्हणणारे ८५, आणि हाच बदल हवा म्हणणारे ५४. या दोन आकड्यांमधलं अंतर कुणी मोजलंच नाही तर त्या जागेत कुणीही घुसून ती जागा माझी म्हणू शकतो.

इथे मला आपल्याच मुलखातली एक गोष्ट आठवते, आणि ती इंग्रजांशीच जोडलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. दख्खनच्या त्या दंग्यांत गावोगाव रोखे जाळले गेले. त्या रोख्यांवरची निशाणी कुळाचीच होती, बहुतेकदा नांगराची. ती खोटी नव्हती. पण वर काय लिहिलंय हे कुळाला वाचता येत नव्हतं आणि कोर्ट मात्र खालची निशाणी बघून निकाल देत होतं. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आणला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, असं त्यात ठरवलं, आणि कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार तपासायची मुभा दिली. खालची निशाणी खरी असली म्हणून वरचा मजकूर मान्य होता असं होत नाही, हे तत्त्व इंग्रजांच्या राज्याने भीमथडीच्या कुणब्यासाठी मान्य केलं होतं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्यांनी आपल्याच १ कोटी ७४ लाख मतदारांना ते का लागू करू नये?

म्हणूनच अखेरचा करार पुन्हा लोकांसमोर जायला हवा होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो. यावर दुसऱ्या बाजूचा सगळ्यात टोकदार आक्षेप आहे तो युरोपच्या इतिहासातून आलेला, आणि तो खरा आहे. आयर्लंडने २००१ मध्ये युरोपीय संघाचा नीसचा करार नाकारला, पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. २००८ मध्ये लिस्बनचा नाकारला, पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या लोकांनी २००५ मध्ये युरोपची राज्यघटना फेटाळली, तर तिच्यातला बराचसा भाग लिस्बन करारातून आला आणि त्यावर त्या दोन्ही देशांत मत घेतलंच नाही. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटींना नाही म्हटलं आणि आठवड्याभरात त्यांच्या सरकारला तशाच कडक अटी स्वीकाराव्या लागल्या. हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, ही ब्रसेल्सची खोड आहे असं सनदशीर मार्गाने चालणाऱ्या साध्या ब्रिटिश माणसाला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय सरकारने घरोघर पाठवलेल्या पुस्तिकेत तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल असं स्वच्छ छापलेलं होतं. सार्वमत कायद्याने केवळ सल्लागार होतं, हा ‘राहायचं’वाल्यांनी मागाहून काढलेला मुद्दा कायद्याच्या पुस्तकात बरोबर होता आणि लोकांना दिलेल्या शब्दापुढे लाजिरवाणा होता.

पण तोच प्रश्न पुन्हा विचारणं वेगळं आणि पुढचा प्रश्न विचारणं वेगळं. आमच्या धंद्यात जमीन विकायची ठरली की आधी साठेखत होतं, इसार दिला जातो. मग मोजणी होते, सात-बारा तपासला जातो, बोजा निघतो, चतुःसीमा ठरतात, आणि शेवटी खरेदीखत. खरेदीखतावर सही मागणारा माणूस साठेखत मोडायला निघाला आहे असं कुणी म्हणत नाही. २०१६ चा कौल हा साठेखत होता. बंधनकारक, गंभीर, सहज मोडता न येणारा. त्यातून निघालेला दस्त लोकांना वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र तुम्ही एकदा अंगठा दिलाय असं सांगितलं गेलं. माझी खंत अशी, की दुसऱ्या मतदानाची मागणी करणाऱ्यांतल्या पुष्कळांना दस्त वाचून दाखवण्यात रसच नव्हता. त्यांना साठेखत फाडायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एक चांगली मागणी त्यामुळे वाया गेली.

मग २०१९ ची निवडणूक? मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांच्या हातात तेव्हा लिहिलेला करार होता. तो घेऊन ते लोकांपुढे गेले आणि ६५० पैकी ३६५ जागा घेऊन आले. हेच दुसरं मत नव्हे का? या युक्तिवादासमोर मी बराच काळ अडखळलो. त्याचं उत्तर मला गोव्यात सापडलं. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचं असं उघड सांगणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. निवडणूक हेच उत्तर मानायचं तर विषय तिथेच संपत होता. विधानसभेत ठराव करून मोकळं व्हायचं. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सने लोकांना वेगळं विचारा असा आग्रह धरला. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती, विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. महाराष्ट्र म्हणजे काय आणि केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय, हे मतदाराला दोन्ही माहीत होतं; दोन्ही घरं बांधून उभी होती. १,७२,१९१ मतं पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. फरक ३४,०२१. आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच गोवेकरांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं! तुमचं राज्य हवं, तुमचं विलीनीकरण नको. एक माणूस एका वेळी या दोन्ही गोष्टी म्हणू शकतो, कारण निवडणुकीत वीस गोष्टींचं गाठोडं असतं आणि त्यातली एक गाठ कुणी कशासाठी मारली हे बाहेरून कळत नाही. २०१९ मध्ये जॉन्सन यांना ४३.६ टक्के मतं मिळाली. त्यात विरोधी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन नकोत म्हणून दिलेली मतं होती, एकदाचं संपवा म्हणून दिलेली होती, आणि करार आवडला म्हणून दिलेलीही होती. गोव्यातली भांडणं त्या मतदानाने मिटली असं मी म्हणणार नाही; भाषेचा वाद पुढे वीस वर्षं धगधगत राहिला आणि त्यात माणसं मेली. पण विलीनीकरणाचा प्रश्न मिटला. हरलेल्या बाजूने तो निकाल स्वतःचा मानला, कारण कशाला मत दिलं याबद्दल दोन मतं नव्हती.

जॉन्सन यांचा तो लिहिलेला करारही लोकांना खरा वाचून दाखवला गेला का? इथे वहिवाटीचा प्रश्न येतो, आणि या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातला उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. उत्तरेतल्या गाईंचं दूध टँकरने दक्षिणेत प्रक्रियेला जातं. एकाच शेतकऱ्याचा गोठा या देशात आणि कुरण त्या देशात, असंही आहे. तीस वर्षांच्या हिंसाचारात ३,५०० हून जास्त माणसं मेल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला आणि त्या सीमेवरचे लष्करी बुरूज उतरले. दोन्ही बाजू एकाच युरोपीय बाजारपेठेत होत्या म्हणून सीमेवर माल अडवायची गरज नव्हती. शांतता त्यावर उभी होती. एक भाऊ वेगळा झाला की ही वाट कुणाच्या बांधावरून जाणार? २०१६ च्या प्रचारात इंग्लंडमध्ये याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. उत्तर आयर्लंडने मात्र ५५.८ टक्के मतांनी राहायचं म्हटलं होतं. शेवटी जॉन्सन यांनी तपासणीची रेघ समुद्रात ओढली, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्याच एका भागाच्या मधे, आणि निवडणुकीच्या तोंडावर तिथल्या व्यापाऱ्यांना सांगितलं की कुणी फॉर्म भरायला सांगितला तर तो कचऱ्याच्या पेटीत टाका. फॉर्म भरावे लागले. स्वतः सही केलेला तो दस्त एकतर्फी बदलायचं विधेयकही याच सरकारने २०२२ मध्ये मांडलं. युरोपीय संघाशी झालेल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती रेघ थोडी पुसट झाली, गेली नाही.

आता त्या ‘अडाणी’ मतदारांबद्दल. परिसंवादातल्या पहिल्या वक्त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त बोचलं. बस खोटी होती, हे कबूल. ब्रिटन युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो असं तिच्यावर लिहिलं होतं; ती ब्रिटनला परत मिळणारी सूट आणि अनुदानं न वजा करता काढलेली रक्कम होती आणि तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच तसं सांगितलं होतं. पण दुसऱ्या बाजूचं काय? नुसता कौल लागला तरी लगेच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील, असं अर्थखात्याने छापलं होतं. ती मंदी आली नाही. नुकसान झालं ते हळूहळू झिरपणारं. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी घटेल असा आहे. पण खोटं भय दाखवणाऱ्याच्या खऱ्या इशाऱ्यावर मग कोण विश्वास ठेवतो? वेल्समधल्या एब व्हेलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. युरोपच्या पैशाने तिथे रस्ते आणि इमारती झाल्या आणि तरी त्या भागातल्या ६२ टक्के लोकांनी ‘जायचं’ म्हटलं. कृतघ्न कुठले, असा सूर. तिथला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला होता. ज्या माणसाचा बाप, आजा त्या भट्टीवर होते, त्याने अनुदानाची पाटी लावलेल्या इमारतीसमोर उभं राहून कशाचे आभार मानायचे? लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलकडे बघणाऱ्या आमच्या गिरणी कामगाराला विकास झाला की नाही असं विचारून बघा. आणि इंग्लंडच्या लिंकनशरमधलं बॉस्टन, जिथे ७५.६ टक्के म्हणजे सगळ्यात जास्त मतं ‘जायचं’ला पडली? २००४ मध्ये पूर्व युरोपचे देश आत आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन एवढ्यांनीच त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दारं उघडली. वर्षाला तेरा हजारांच्या आत लोक येतील हा सरकारी हिशेब साफ चुकला. कोबी-फ्लॉवरच्या शेतांवर राबायला आलेल्या त्या कष्टाळू माणसांचा काही दोष नव्हता. पण दवाखाने आणि शाळा तेवढ्याच राहिल्या, आणि याबद्दल बोलणाऱ्याला वंशद्वेष्टा म्हणून गप्प बसवलं गेलं.

याच लोकांची कोऱ्या कागदाने सगळ्यात मोठी फसवणूक केली. येणारे लोक कमी व्हावेत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना काय मिळालं? युरोपातून येणं घटलं, पण बाहेरून आलेल्यांची निव्वळ संख्या जून २०२३ पर्यंतच्या वर्षात नऊ लाखांच्या वर गेली, सार्वमताआधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा कितीतरी जास्त. त्यात आपली मुलं, आपल्या परिचारिका पुष्कळ होत्या. त्याचा मला आनंदच आहे, पण हे बॉस्टनच्या मतदाराने मागितलं होतं का? युरोपीय कामगार कमी झाले की आशियाई आचाऱ्यांना व्हिसा मिळेल असं ‘जायचं’च्या प्रचारातल्या नेत्या प्रीती पटेल भारतीय-बांगलादेशी हॉटेलवाल्यांना सांगत होत्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या गल्लीत परके कमी होतील असं सांगितलं जात होतं. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर लिहावी लागली असती तर?

गोव्यात सासष्टीतल्या एका गावात माझ्या एका अशिलाचं घर आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामात कामाला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं आणि त्या वाटेने हजारो गोवेकर युरोपीय म्हणून इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्या गावाने ५४.७ टक्के मतांनी ‘जायचं’ म्हटलं. पुढे या सगळ्यांना ३० जून २०२१ च्या आत राहण्याच्या मंजुरीसाठी अर्ज करावा लागला. भाच्याला ती मिळाली, आणि आईला बघायला म्हणून त्याने पडद्याचा फोटो पाठवला. बाईंनी तो मला दाखवला. हिरवी खूण होती, नाव होतं. ‘आनी कागद खंय?’ त्यांनी विचारलं. कागद नव्हताच, ही मंजुरी फक्त संगणकावर असते. आयुष्यभर दस्त सांभाळणाऱ्या घरातल्या त्या बाईला मी काय सांगणार?

आता वारं फिरलं आहे. ब्रिटनमधल्या पाहण्यांत बाहेर पडणं चुकलं म्हणणारे जास्त दिसतात. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात एकल बाजारपेठेत, सीमाशुल्क संघात किंवा मुक्त संचारात परतणार नाही असं सांगितलं, आणि तरी मे २०२५ मध्ये ब्रसेल्सशी नवा समझोता करून आपल्या समुद्रातल्या मासेमारीचा हक्क युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत देऊन ठेवला. ‘परत चला’ ही हाक मोठी होत जाणार हे उघड आहे, आणि मला भीती वाटते ती याच हाकेची. परत जायचं म्हणजे नव्याने अर्ज, सत्तावीसच्या सत्तावीस देशांची संमती, नव्या सभासदांना लागू असलेली युरोची बांधिलकी. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट पुन्हा मिळेल असं मानायला आधार नाही. ‘परत’ हा शब्द २०१५ च्या घरात नेऊन सोडत नाही. आपल्याकडेही वेगळ्या विदर्भासाठी सार्वमत घ्या अशी मागणी अधूनमधून होते. त्या मागणीमागच्या अन्यायाच्या भावनेला १९५३ च्या नागपूर कराराइतका जुना आधार आहे, मी ती उडवून लावत नाही. पण राज्याचं कर्ज, वीज आणि सिंचनाचा अनुशेष कसा वाटला जाईल याचा मसुदा आधी मागा, एवढंच तिथल्या माझ्या वकील मित्रांना सांगत असतो.

परिसंवाद संपल्यावर जिन्यात मी पहिल्या वक्त्यांना गाठलं. ब्रिटनने परत जावं असं ते भाषणाच्या शेवटी तळमळीने बोलले होते आणि ती तळमळ मला खरी वाटली होती. मी विचारलं, सर, परत जायचं ते पौंड ठेवून की युरो घेऊन? ते क्षणभर थांबले. मग खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाले, ‘ते सगळं नंतर बघता येईल हो. आधी परत जायचं एवढं तर लोकांनी ठरवू दे.’